ऑक्सिजनचा निरोप आणि आपली तूर



वनस्पतिशास्त्राच्या या परिषदेचे अध्यक्षपद छत्रपती संभाजीनगरात भूषवायला मिळते आहे, याचा आनंद आहेच. पण माझ्या विषयाला हे गाव सोयीचेही आहे. इथून जालना रस्त्याला लागले की वाटेत बदनापूर येते. तिथल्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला 'बीएसएमआर ७३६' हा तुरीचा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. शेतकऱ्याला एवढे कळले की पुरते. आपल्याला पुरू नये. दाद देत नाही म्हणजे बुरशी भिडल्यावर मुळाच्या पेशीत नेमके काय घडते, हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे. आज मी त्यातल्या एकाच धाग्याबद्दल, क्रियाशील ऑक्सिजनबद्दल, बोलणार आहे.

बी.एस्सी.ला आपण सगळे असेच शिकलो की सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही मंडळी पेशीची वैरी, आणि कॅटलेज वगैरे विकर त्यांचा बंदोबस्त करणारे. अँटिऑक्सिडंटच्या जाहिरातींनी हा समज आणखी घट्ट केला. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. १९८३ साली जपानमध्ये नोरियुकी डोके यांनी बटाट्याच्या ऊतीवर करप्याचा फायटॉप्थोरा सोडून पाहिला. ज्या बटाट्यापुढे तो चालत नव्हता, तो बटाटा स्वतःहून सुपरऑक्साइड तयार करत होता. ज्याला आपण अपघाताने सांडलेले विष समजत होतो, ते झाड मुद्दाम बनवत होते.

बनवते कसे? पेशीपटलात आरबीओएच कुळातले विकर बसलेले असते. बुरशीच्या भित्तिकेतल्या कायटिनचा एखादा तुकडा, किंवा जिवाणूच्या कशाभिकेतल्या प्रथिनाचा अवघ्या २२ अमिनो आम्लांचा भाग, बाहेरच्या ग्राहकाला चिकटला की काही मिनिटांत हे विकर जागे होते आणि पेशीबाहेर सुपरऑक्साइड सोडते. त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला जे विकर वापरतात, त्याचेच हे भाऊबंद. ज्या मुलांत ते जन्मतः बिघडलेले असते, त्यांना बुरशी आणि जिवाणूंचे संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतात. तुरीचे मूळ आणि माणसाचे रक्त इतके जवळ असेल, असे मलाही विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर हसलो असतो.

हे पेरॉक्साइड बुरशीला थोडेफार जाळते, पण तेवढ्यासाठी झाड एवढा खटाटोप करत नाही. भित्तिकेतली प्रथिने एकमेकांत गुंफून ती टणक करणे, कॅल्शियमची दारे उघडणे आणि शेजारच्या पेशीला खबर देणे, ही त्याची मोठी कामे. २००९ साली रॉन मिट्लर यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये ही खबर मिनिटाला ८ सेंटिमीटरहून जास्त वेगाने पुढे सरकताना मोजली. मज्जातंतू नसलेल्या जीवाच्या मानाने हा वेग कमी नाही.

मात्र सगळा खेळ वेळेचा आहे. क्रियाशील ऑक्सिजनची पहिली लाट कुठल्याही सूक्ष्मजीवाच्या स्पर्शाने उठते आणि लगेच ओसरते. दुसरी काही तासांनी येते, मोठी असते, टिकते. आणि ती त्या रोगकारकाला ओळखणारे जनुक असलेल्या झाडातच येते. मग बाधित पेशी आणि तिच्या भोवतालच्या मोजक्या पेशी स्वतःला मारून घेतात. जिवंत पेशीवरच पोसणाऱ्या परजीवीची त्यामुळे उपासमार होते.

बाजरीचा गोसावी, ज्याला काही भागांत केवडा म्हणतात, हा असाच परजीवी. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका आला की शेतकरी कपाळाला हात लावतो. १९६५ पासून एचबी मालिकेचे संकरित वाण आले, उत्पादन वाढले. पण त्या वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतून आलेली टिफ्ट २३ए. गोसावीला ती बळी पडणारी निघाली आणि १९७१ च्या सुमारास देशभर साथ आली. पुढे म्हैसूर विद्यापीठात एच. शेखर शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रोगावर चिकाटीने काम केले. बाजरीच्या बियाण्याला हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया देऊन रोपाची प्रतिकारक्षमता जागवता येते का, हेही त्यांनी तपासले. आपल्या भाकरीच्या पिकावरचे हे काम आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, अरॅबिडॉप्सिस मात्र पानोपानी आहे. याची मला खंत वाटते.

आता उलटी बाजू. २००० साली गोव्ह्रिन आणि लेव्हिन यांनी दाखवले की द्राक्षावर येणाऱ्या करड्या बुरशीला, बोट्रायटिसला, पेशींचे हे मरण चांगलेच मानवते. ती मेलेल्या ऊतीवरच जगते. झाडाने पेशी मारून तिला पान वाढून दिल्यासारखेच होते. तुरीच्या मरीची फ्युजेरियम उडम तर आधी जिवंत मुळात शिरते, जलवाहिन्यांतून वर चढते आणि मग मारते. खोडाची साल सोलली की दिसणारी काळपट रेघ आपण सर्वांनी पाहिली आहे. तेव्हा 'पिकाची प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून जे डबे कृषी सेवा केंद्रात मांडलेले असतात, त्यांच्या प्रतिनिधीला बेधडक विचारा: कुठल्या रोगासाठी, आणि पीक किती दिवसांचे असताना? उत्तर 'सगळ्यासाठी, केव्हाही' असे आले तर डबा जागेवर ठेवा.

हे सगळे पाहायला महागडी यंत्रे लागतात, ही सबब मला मान्य नाही. डायअमिनोबेन्झिडिनच्या आम्लधर्मी द्रावणात देठासकट पान काही तास अंधारात उभे करा. मग ते अल्कोहोलात उकळा. हरितद्रव्य निघून पान पांढरे पडते, आणि जिथे जिथे पेरॉक्साइड होते तिथे तपकिरी ठिपके उरतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा धागा आणि त्याच्या टोकाशी तपकिरी झालेली एकच पेशी दिसली, की विद्यार्थ्याला वेगळे व्याख्यान लागत नाही. हातमोजे मात्र घाला, ते रसायन घातक आहे.

माझी खरी चिंता तापमानाची आहे. तंबाखूचे एन जनुक मोझॅक विषाणूला रोखते, पण २८ अंशांच्या वर ते निकामी होते. टोमॅटोतले सूत्रकृमिरोधक एमआय जनुकही साधारण त्याच तापमानाला मान टाकते. आणि आपण प्रतिकारक्षमतेचे जे ज्ञान शिकवतो, ते बहुतेक २२ अंशांच्या वातानुकूलित खोल्यांतून आलेले आहे. मराठवाड्यात खरिपात पावसाचा खंड पडला की दुपार ३० अंशांच्या खाली राहत नाही. शिवाय पाण्याच्या ताणाने पेशीत क्रियाशील ऑक्सिजन आपसूकच वाढलेला असतो. एवढ्या गलक्यात तुरीचे मूळ फ्युजेरियमची चाहूल वेगळी कशी ओळखते? हा प्रश्न इंग्लंड-जपानच्या प्रयोगशाळांवर सोपवून चालणार नाही. त्यांच्याकडे बदनापूरची दुपार नाही.

विद्यापीठ, कृषी विद्यापीठाची केंद्रे आणि तालुक्याची महाविद्यालये यांनी एकेक पीक वाटून घ्यावे, असे मी सुचवतो. कोणी तूर, कोणी बाजरी, कोणी मोसंबीचा डिंक्या. प्रतिकारक आणि बळी पडणारा असे दोन वाण, दोन तापमाने, आणि दर तासाला एक पान किंवा मुळाचा तुकडा. पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातले हे काम आहे.

दुपारच्या सत्रात तुरीच्या मरीवर निबंध वाचले जाणार आहेत. वाचणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न आताच सांगून ठेवतो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत नोंदवही चाळता येईल: कुंड्या किती अंशांना ठेवल्या होत्या?