‘ऑप्शनला’ टाकलेले प्रकरण



राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमावर बोलायचे म्हटले की ‘ते प्राध्यापकांचे काम’ असे आपल्यापैकी अनेकींना वाटते. म्हणून मी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करते. ७३वी घटनादुरुस्ती १९९२ची. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही सरपंचबाईवर अविश्वास ठराव येतो तेव्हा ‘बाईला जमले नाही’ असे लिहिणारा वार्ताहर, तिला कचेरीत ताटकळत ठेवणारा अधिकारी यांतले कितीतरी जण राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले असतात. त्यांना तिथे काय शिकवले जाते, हा आपला प्रश्न नाही का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून विद्यापीठे पदवीचे अभ्यासक्रम नव्याने बांधत आहेत. मुख्य विषयात काही पेपर सक्तीचे, काही ऐच्छिक. स्त्रियांचा प्रश्न बहुधा ऐच्छिकात जातो, नाहीतर सक्तीच्या पेपरच्या शेवटच्या प्रकरणात. आता ‘ऐच्छिक’ म्हणजे कोणाच्या इच्छेने? तालुक्याच्या कॉलेजात विषयाला एक-दोन शिक्षक असतात. ते शिकवू शकतील तोच पेपर मिळतो. मुलीला निवड फक्त कागदावर. आणि शेवटचे प्रकरण मुले सरळ ‘ऑप्शनला’ टाकतात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

स्वतंत्र पेपर नकोच, असे मी म्हणत नाही. १९७४च्या ‘टोवर्ड्स इक्वॅलिटी’ अहवालानंतर आपल्याकडे स्त्री-अभ्यास उभा राहिला, एस.एन.डी.टी.मध्ये त्याच वर्षी संशोधन विभाग निघाला. ती जागा कष्टाने मिळाली आहे, ती सोडायची नाही. पण तेवढ्यावर समाधान मानले, तर सक्तीचे पेपर पुरुषांचे आणि ऐच्छिक बायकांचा, अशी वाटणीच होऊन बसेल.

यावर उत्तर येते, ‘मग काढायचे काय? चार श्रेयांकांच्या पेपरला तास मिळतात साठ.’ मी म्हणते, काही काढू नका, आहे तेच नीट शिकवा. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा १८५९चा ग्रंथ शिकवता ना? त्याच मिलने १८६९मध्ये स्त्रियांच्या दास्यावर पुस्तक लिहिले. त्याआधी १८६७मध्ये मताधिकाराच्या विधेयकातला ‘पुरुष’ शब्द काढून ‘व्यक्ती’ घाला, अशी दुरुस्ती पार्लमेंटात मांडली. ती फेटाळली गेली. हे सांगितल्याशिवाय मिलची ‘व्यक्ती’ म्हणजे कोण, ते कसे कळणार? मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी शिकवताना बाबासाहेबांचा १९५१चा राजीनामा घ्या. त्यांनी दिलेल्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली परवड होती. घटना समिती शिकवताना तिच्यातली एकमेव दलित स्त्री, दाक्षायणी वेलायुधन, काय बोलली ते वाचायला द्या. (सगळ्या स्त्रियांचे एकच प्रकरण केले की नेमक्या अशाच बायका त्यातून गळतात, हेही आपण बोलले पाहिजे.) फुले शिकवता, तर ताराबाई शिंद्यांची १८८२ची ‘स्त्री-पुरुष तुलना’ मराठी वाङ्मयाच्या वर्गावर का सोडता? राज्यसंस्था घराच्या उंबऱ्याशी थांबते की आत येते, हा राज्यशास्त्राचाच प्रश्न आहे. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००५मध्ये आला, तो त्याच वादातून.

नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्पालाही श्रेयांक आहेत. इथे आपण उपयोगी पडू शकतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी, असे आपल्या राज्याचा कायदा सांगतो. ती खरोखर होते, की इतिवृत्तावर घरोघर सह्या गोळा होतात? विद्यार्थ्यांनी चार गावांत जाऊन बघावे. त्यांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्या आपल्याकडे आहेत.

अभ्यासक्रम ठरवते ते विषयाचे अभ्यास मंडळ, मग तो विद्या परिषदेपुढे जातो. आपापल्या विद्यापीठाच्या मंडळावर कोण आहे, त्यात बायका किती, एवढे प्रत्येक गटाने शोधून काढावे. सक्तीच्या पेपरांची यादी मागवावी आणि कोणत्या घटकात नेमके काय हवे ते लेखी कळवावे. नुसते ‘स्त्रियांवर काहीतरी घाला’ असे लिहू नका. मग ते पुन्हा शेवटचे प्रकरणच घालतील.