हे म्हणणे खरे नाही की...

(कथा लिहिणाऱ्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



कोर्टावरच्या माझ्या पहिल्या कथेत न्यायाधीश हातोडा आपटतात, नायिका गीतेवर हात ठेवते आणि तिचा वकील सासूची अशी काही उलटतपासणी घेतो की सासू पिंजऱ्यातच रडायला लागते. कथा छापून आली, चार पत्रंही आली. त्यातलं एक कार्ड अशा बाईचं होतं, जिची केस सहा वर्षं चालू होती. तिनं एवढंच विचारलं होतं, "ताई, हे कुठल्या कोर्टात होतं? आम्हाला तिकडे जायचंय."

मग मी कोर्टात जाऊन बसायला लागले. फौजदारी कोर्ट सर्वांना खुलं असतं, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. मागच्या बाकावर बसायचं, पट्टेवाल्यानं हटकलं तर "ऐकायला आलेय" म्हणायचं. बलात्काराच्या खटल्यात मात्र शिरू नका. तिथलं दार १९८३ च्या दुरुस्तीनं बंद झालं, आणि ते आपल्याच चळवळीनं मागून घेतलेलं आहे. त्यामागचं मथुरा प्रकरण तुम्हाला माहीत आहेच. एका मुलीची साक्ष चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं वाचली आणि १९७४ मध्ये पोलीस सुटले. तीच नागपूर खंडपीठानं वाचली आणि शिक्षा झाली. तीच सुप्रीम कोर्टानं वाचली आणि १९७८ मध्ये ते पुन्हा सुटले. ज्यांना कोर्टाची भाषा शिकायची आहे त्यांनी आधी असे निकाल वाचावेत.

आता माझ्या कथेतल्या चुका. हातोडा आपल्या कोर्टात नसतोच, तो सिनेमातून आला. शपथेला ग्रंथ लागत नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ईश्वराच्या नावानं शपथ घ्यायची किंवा नुसती प्रतिज्ञा करायची. पण सगळ्यात मोठी चूक 'तिचा वकील' ही. छळाच्या फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असतं आणि दुसऱ्या बाजूला नवरा नि त्याची माणसं. आपली बाई तिथे फक्त साक्षीदार क्रमांक एक. खटला सरकारी वकील चालवतात, आणि पुष्कळदा ते तिला पहिल्यांदा भेटतात ते साक्षीच्याच दिवशी सकाळी, व्हरांड्यात, हातात दहा फायली घेऊन. तिनं पैसे देऊन वकील लावला तरी तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, इतकंच. आणि सासू आरोपी असेल तर तिची उलटतपासणी होतच नाही, तिनं स्वतः लेखी मागून साक्ष दिली तरच होते. कोर्ट तिला शेवटी काही प्रश्न विचारतं, तेही शपथेशिवाय. म्हणजे माझ्या कथेतला सगळ्यांना आवडलेला प्रसंग मुळापासून खोटा होता.

कलम लिहिताना घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर ४९८अ, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. जुने खटले अजून जुन्याच कलमाखाली चालू आहेत.

शब्दांची वही मात्र जरूर ठेवा. सरतपास, उलटतपास, फेरतपास, रोजनामा, पुरसीस, मुद्देमाल. कागदाला नंबर पडला की तो 'निशाणी' होतो. जुलै १९९८ मध्ये खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली, तरी वकील निम्मं इंग्रजीत बोलतात आणि तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांना सरळ 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतात.

पण मला खरं हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. साक्षीदार बोलते तसं लिहिलं जात नाही. न्यायाधीश ऐकतात आणि टंकलेखकाला सांगतात, ते सलग निवेदनासारखं, 'मी' करून. वकील विचारतो, "तुमचे दुसऱ्याशी संबंध होते म्हणून तुम्ही नांदायला गेला नाहीत ना?" बाई मान हलवून "नाही" म्हणते. कागदावर येतं: 'हे म्हणणे खरे नाही की, माझे परपुरुषाशी संबंध असल्याने मी नांदावयास गेले नाही.' प्रश्न गळून गेला. वकिलाचं सगळं वाक्य आता तिच्या तोंडी आहे. तसंच दुसरं ठरलेलं वाक्य: 'मी पोलिसांना तसे सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' ठाण्यात हवालदारानं लिहिलेला जबाब, त्यावर तिची सहीसुद्धा नसते, आणि त्यात जे राहिलं त्याचं उत्तर तिनं द्यायचं. संवाद लिहिताना हे दोन्ही कानात ठेवा: बाई काय बोलली, आणि कागदावर काय उतरलं. कथा या दोन्हींच्या मधे असते असं मला वाटतं.

एक पाहिलेलं सांगते. बाई असेल तिशीची. सरतपासात ती म्हणाली, "रात्री साडेअकराला मला पोरासकट बाहेर काढलं आणि आतून कडी लावली." साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवतात, तसा नियमच आहे, एरवी हे इतक्या भरभर होतं की कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात आलं, 'त्यानंतर मी मुलासह माहेरी राहावयास गेले.' ती म्हणाली, "मी गेले नाही, मला काढलं." आरोपीच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशबाई क्षणभर थांबल्या. कायद्यानं अशा वेळी मजकूर बदलता येतो, किंवा तो तसाच ठेवून साक्षीदाराच्या हरकतीची नुसती नोंद करता येते. त्यांनी नोंद केली. बाईनं विचारलं, "म्हणजे दोन्ही राहणार?" त्या म्हणाल्या, "हो, दोन्ही राहील." तिनं सही केली, पोराचा डबा उचलला आणि पुढची तारीख विचारायला कारकुनाकडे गेली.