मातीतून गादीवर
(शीळफाटा येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथे येता. कोणी गोदामातून येतो, कोणी गाडीवरून, कोणी चार घरची धुणीभांडी उरकून. बाहेर फाट्यावर ट्रकांचा आवाज चालूच असतो. कल्याणची वाट, पनवेलची वाट, मुंब्र्याची वाट, सगळ्या इथेच मिळतात. म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाही. एका पैलवानाची हकिकत सांगणार आहोत. आम्ही स्वतः कधी लांग कसली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचा जन्म खडूफळ्यात गेला. पण जत्रेतला कुस्त्यांचा फड आम्ही कधी चुकवला नाही.

या पैलवानाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ आहे. तुमच्यात कऱ्हाडकडची मंडळी आहेत, त्यांना हे नाव नवीन नाही. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. घर शेतकऱ्याचे. वडील पैलवान, भाऊही पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. अंगाने लहानखुरे. बघणाऱ्याला वाटावे, हा काय कुस्ती करणार! पण ढाक नावाचा डाव त्यांच्या हाती असा बसला होता की समोरचा कधी उचलला गेला आणि कधी पडला, हे त्याचे त्याला कळत नसे.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. पैलवान म्हणजे शिक्षणाशी वैर, असे लोक म्हणतात. खाशाबांनी तालीमही केली आणि कॉलेजही केले.

सन १९४८ साली लंडन शहरात ऑलिंपिकचे सामने भरले. ऑलिंपिक म्हणजे सगळ्या जगाची जत्राच म्हणा ना. दर चार वर्षांनी भरते. देशोदेशीचे खेळाडू येतात. कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली आणि खाशाबा लंडनला पोचले. वय बावीस.

तिथे पाहतात तो काय, माती नाही! आपली कुस्ती लाल मातीत. माती मऊ, तिला तेल, ताक, हळद घालून मुरवलेली. पाय उघडे. वेळेचे बंधन नाही. पाठ लागली की निकाल. लंडनला मात्र जमिनीवर गादी अंथरलेली. पायात बूट. कुस्तीची वेळ ठरलेली. तेवढ्या वेळात कोणी चीत झाला नाही, तर सरस कोण ते पंच ठरवणार. म्हणजे ताकद तीच, डाव तेच, पण पायाखालची जमीन बदललेली. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. ज्याने जन्मभर मातीत डाव टाकले त्याने गादीवर काय करावे?

खाशाबांचा तिथे सहावा नंबर आला. पदक नाही. पण आमच्या मते ही मोठी गोष्ट आहे. नव्या जमिनीवर पहिल्याच खेपेला जगात सहावा! घरी येऊन 'गादी आपल्या कामाची नाही' असे ते म्हणाले असते, तर कोणी दोष दिला नसता. ते तसे म्हणाले नाहीत. गादीचे नियम शिकले, आणि चार वर्षे घाम गाळला.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली. या खेपेस फिनलंड देशातले हेलसिंकी शहर. उन्हाळ्यात तिथे रात्र नावालाच पडते. पण तिथे जाण्याआधीच अडचण उभी राहिली. निवडीच्या कुस्त्यांत एका गुणाने ते मागे पडले. हा निकाल बरोबर नाही असे त्यांना वाटले. म्हणून ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले आणि पुन्हा कुस्ती घ्या असे म्हणाले, असे सांगतात. कुस्ती पुन्हा झाली. खाशाबांनी मारली. निवड झाली.

आता प्रश्न पैशाचा. बोटीचा-विमानाचा खर्च, राहण्याचा खर्च. शेतकऱ्याच्या घरात एवढा पैसा कुठून येणार? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. मंडळी, त्या काळी साध्या मास्तराचा महिन्याचा पगार शंभराच्या आत असे. आम्ही मास्तरकी केली आहे. विद्यार्थ्यावर जीव असतो, तो आम्हाला ठाऊक आहे. पण घर गहाण टाकायचे म्हणजे! त्यांच्या जागी आम्ही असतो तर टाकले असते का? खरे सांगतो, घरी विचारल्याशिवाय आम्हाला उत्तर देता येणार नाही.

असा लोकांच्या पैशाचा भार खांद्यावर घेऊन खाशाबा हेलसिंकीला उतरले. कॅनडाचा पैलवान पडला. मेक्सिकोचा पडला. जर्मनीचाही हरला. मग गाठ पडली जपानच्या इशी नावाच्या पैलवानाशी. ही कुस्ती खूप लांबली. शेवटी इशी जिंकला. खाशाबा दमले होते. आणि लगेच पुकारा झाला की रशियाच्या पैलवानाशी कुस्तीला या.

आता हे नीट ऐका. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा द्यावा, असा नियम होता. नियम कागदावर होता. पण तो पंचांपुढे ठेवायला आपल्या बाजूचा कोणी अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. परका मुलूख, परकी भाषा. एकटा पैलवान कोणाशी भांडणार? खाशाबा तसेच गादीवर गेले आणि हरले. आम्हाला ही गोष्ट फार लागते. डावात कमी पडला असता तर एवढे वाईट वाटले नसते.

तरीही खाशाबांना तिसरा नंबर मिळाला. इशीला सोने, रशियाच्या पैलवानाला रुपे, खाशाबांना कांस्यपदक. स्वतंत्र भारतात एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळवणारा हा पहिला माणूस. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सोने जिंकले होते, पण तो संघ होता. एकट्याचे दुसरे पदक यायला पुढे ४४ वर्षे लागली. १९९६ साली टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी ते आणले.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्या सजवून लोक आले होते. ढोल, लेझीम, गुलाल. वर्गणीत ज्याने एक रुपया घातला होता त्यालाही वाटत होते, पदकात आपला वाटा आहे. होताच.

आणि मग खाशाबांनी काय केले? हारतुरे झाल्यावर कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या. स्वतः लढले, जिंकले. त्या पैशातून खर्डेकर सरांचे कर्ज फेडले. सरांचे घर सुटले. पदक पाहिलेली माणसे पुष्कळ असतील. आम्हाला विचाराल तर आम्हाला ते सुटलेले घर पाहायला आवडले असते.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. गुडघा दुखावल्यामुळे १९५६ च्या ऑलिंपिकला जाता आले नाही. बरीच वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. आपण या फाट्यावर राहतो. रस्ता माणसाला कसा नेतो, हे आपल्याला सांगायला नको.

मानसन्मान आले, पण ते गेल्यानंतर. अर्जुन पुरस्कार २००१ साली. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या मोठ्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सगळे ठीक आहे. पण माणूस जिवंत असताना सरकारदरबारी आठवण झाली असती तर काय बिघडले असते?

महाराष्ट्राच्या माणसाला असे एकट्याचे पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तेही शेतकरी मुलखातले, आणि रेल्वेत तिकीट तपासनीस होते.

कऱ्हाडकडची जी मंडळी दिवाळीला गावी जातील, त्यांनी वाट वाकडी करून गोळेश्वरला जाऊन यावे. फार लांब नाही. कंडक्टरला विचारू नका. पाटी तुमची तुम्ही वाचा, आणि परत आलात की काय पाहिले ते वर्गात सांगा.