रविवार कुणाचा?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘धावपळीच्या जगात मनःस्वास्थ्य’ असा विषय मला दिला आहे. या विषयावर ध्यान करा, योगासने करा, फोन तासभर बाजूला ठेवा, असे उपाय नेहमी सांगितले जातात. ते वाईट नाहीत. पण तो मोकळा तास बाईने आणायचा कुठून, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी आधी तासांचाच हिशेब मांडणार आहे.

२०२४ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष थोडेच. २०१९ च्या अशाच पाहणीत बायकांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत वाचली दहा मिनिटे! मिक्सर आला, गॅस आला, पण काम कुणाचे हे ठरलेलेच राहिले.

सुट्टीचेही तसेच. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली रविवारची सुट्टी मिळवली. त्या लढ्याच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. बाईने मागितलेली, लढून मिळवलेली ही सुट्टी. पण आपल्या घरातला रविवार आठवा. सगळे उशिरा उठणार, नाश्ता दोनदा होणार, दुपारी मटण, संध्याकाळी पाहुणे, शिवाय आठवड्याचे साठलेले कपडे. सुट्टी कारखान्याला मिळाली, चुलीला नाही.

५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू केली. लोकलच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो कौतुकाने छापले जातात. मला त्यात वेगळेच दिसते. फरसबी गाडीत निवडली जाते, कारण घरी ती निवडायला दुसरे कुणी नाही. आणि तरी अनेकींना तोच डबा सर्वांत जवळचा वाटतो. तिथे भजन होते, वाढदिवस होतात, सासरचे दुखणे मैत्रिणीला सांगता येते. दिवसातला तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नाही.

आता जरा अवघड गोष्ट बोलते. नोकरी करणारी बाई हा भार हलका करते तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाईला कामाला ठेवून. घरकामगार बायकांच्या बैठकीत एक जण मला म्हणाली, “ताई, पाच घरची कामं. पहिल्या घरी दहा मिनिटं उशीर झाला, की पुढच्या चारी घरी बोलणी बसतात.” तिच्या स्वतःच्या घरची भांडी कोण घासते? थोरली मुलगी. पाणी भरायलाही तीच, म्हणून शाळा बुडते तीही तिचीच. साहेबाची घाई बाईवर, बाईची घाई कामवालीवर, कामवालीची तिच्या लेकीवर. घाई अशी जातीवर्गाच्या पायऱ्या उतरत जाते आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एक लहान मुलगी उभी असते.

या पायऱ्या आपण जपतोही. तिचा चहाचा कप वेगळा, काही सोसायट्यांत लिफ्टही वेगळी. ज्या बाईच्या हातची पोळी चालते, तिने सोफ्यावर बसलेले चालत नाही. अशा घरात कुणाचे मनःस्वास्थ्य टिकणार?

२००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यासाठी बायका वर्षानुवर्षे मोर्चे काढत होत्या. पण कायदा कागदावर असला, तरी आठवड्याची सुट्टी प्रत्येक घरी भांडूनच घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. पुरुष बारा तास बाहेर राहिला तर घरातले त्याचे काम कोण करणार, आणि बाई बारा तास बाहेर राहिली तर तिची वाट पाहत काय काय पडून राहणार, याचा विचार आपल्यालाच करावा लागेल.

म्हणून सुचवते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने कागदावर एक मोठे वर्तुळ काढावे, त्याचे चोवीस भाग करावेत आणि आपला कालचा दिवस भरावा. नवऱ्याचा, मुलाचाही भरावा. कामाला ठेवणाऱ्या आणि कामाला जाणाऱ्या, दोघींनी एकाच सतरंजीवर बसून भरावा. मग मागण्या आपोआप पुढे येतील: घरकामगारांना पगारी साप्ताहिक सुट्टी, वस्तीत पाळणाघर, सोयीच्या वेळी नळाला पाणी, आणि घरातल्या पुरुषाच्या हातात झाडू.

विश्रांती ही कुणी दिलेली सवलत नाही, तो हक्क आहे. एकीला तो दुसरीच्या पाठीवर बसून मिळत असेल, तर तो अजून कुणालाच मिळालेला नाही.