पाडलेल्या घराचा राडारोडा

श्रोतेहो, जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं, ही धांदल आता सिरोंचा तालुक्यातही दिसते. सागाच्या तुळया, दारं कोणी टाकून देत नाही. सागाचं मोल इथं पोरालाही ठाऊक. प्रश्न उरतो तो विटांचे रोडे, चुना, फुटकी कौलं यांचा. मग कोणीतरी म्हणतो, 'टाका की नाल्यात!'

तेवढं मात्र नको. प्राणहिता फुगली म्हणजे नाल्याचं पाणी मागं फिरतं. 2022 च्या जुलैतला पूर आपल्या ध्यानात असेलच. नाल्याचं तोंड बुजवलं तर पाणी शिरणार ते आपल्याच आळीत.

शिक्षकबंधूंनो, मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ 1960 च्या सुमारास एका प्रचंड डायनोसॉरची हाडं मिळाली. 1975 साली त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस, त्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव जोडून. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. असे अवशेष पुष्कळदा ओढ्यानाल्यांनी कापलेल्या जमिनीतच उघडे पडतात. त्यांवर आपण सिमेंटची ढेकळं ओतावीत का?

मग न्यायचं कुठं? सिरोंच्यात नगरपंचायतीला, खेड्यात ग्रामपंचायतीला आधी विचारा. ओल्या कचऱ्यात राडा मिसळू नका. त्याचं खत व्हायचं नाही, उलट होणारं खतही नासतं. निवडलेला रोडा घरच्या जोत्याच्या भरावात चालतो. कचरा डेपोवरही तो कामाचाच, कारण पावसाळ्यात गाड्या रुतू नयेत म्हणून आतल्या वाटेवर तो पसरता येतो. सिमेंटचे जुने पत्रे मात्र फोडू नका. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाणी मारून ते अख्खेच उतरवा, वेगळे ठेवा.

आता वजनाचं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढा रोडा सुमारे चार टन भरतो, बरं का! तणसाची ट्रॉली उंचच उंच भरायची सवय असलेला माणूस इथं फसतो. सगळा भार मागं पडला तर ट्रॉलीचं तोंड वर उचलतं आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, म्हणून वजन चाकांच्या आसावर सारखं बसवा. उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहू नका, आधीच खालचा गिअर टाका. डेपोवर ट्रॉली भरावाच्या कडेला नेऊन उलटवू नका. ताजा भराव आतून पोकळ असतो, चाक खचतं. सपाट, घट्ट जागा पाहा, मागं कोणी नाही याची खात्री करा, मगच ट्रॉली उचला. आणि परतताना गाडी रिकामी असली, तरी पोरांना ट्रॉलीत उभं करू नका.