मोकळी झालेली जागा



'खुली जागा' हे दोन शब्द आपल्याकडे एका अर्थाने चालतात आणि अमेरिकेत दुसऱ्या. आपल्याकडे जागा खुली म्हणजे ती राखीव नाही. तिकडे जागा खुली म्हणजे तिच्यावर आजवर बसलेला सभासद पुन्हा उभा नाही. पहिला अर्थ कायद्याचा, दुसरा प्रसंगाचा. आपल्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात २००९ साली हे दोन्ही अर्थ एकाच निवडणुकीत जुळून आले. त्या निवडणुकीविषयी, आणि जागा मोकळी होते तेव्हा मतदाराच्या हाती खरोखर काय येते याविषयी, आज आम्हांला थोडे बोलावयाचे आहे. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, २०२४ च्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव मात्र कागदोपत्री उस्मानाबादच होते. म्हणून आम्ही दोन्ही नावे वापरू. आपण सांभाळून घ्यावे.)

१९५२ साली आपण लोकसभेसाठी प्रथम मत दिले ते हैदराबाद राज्यातले नागरिक म्हणून. १९५७ साली व्यंकटराव नळदुर्गकर निवडून गेले, तेव्हा आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो होतो. पुढे १९७७ पासून २००४ पर्यंत ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. २००४ साली शिवसेनेच्या कल्पना नरहिरे अगदी थोड्या मतांनी निवडून आल्या. नंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली. शेजारचे लातूर राखीव झाले आणि उस्मानाबाद खुले. शिवसेनेने २००९ साली रवींद्र गायकवाड यांना उभे केले, राष्ट्रवादी काँग्रेसने डॉ. पद्मसिंह पाटील यांना. म्हणजे आरक्षणही गेले आणि विद्यमान सभासदही रिंगणात नव्हता.

निकाल काय लागला? पाटील यांना ४,०८,८४० मते मिळाली, गायकवाड यांना ४,०२,०५३. अंतर ६,७८७. आता हा हिशेब कागदावर मांडून पाहा. ३,३९४ माणसांनी आपले मत एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला दिले असते, तर खासदार बदलला असता. औसा, उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा आणि बार्शी अशा सहा विधानसभा क्षेत्रांत ही माणसे वाटली, तर एका क्षेत्राच्या वाट्याला सहाशेही पुरती येत नाहीत. एवढी माणसे तर आपल्या आठवडी बाजारात एका सकाळी भेटतात.

त्यानंतरची निवडणूक २०१४ ची. पाटील विद्यमान खासदार म्हणून उभे होते, आणि गायकवाड यांनी त्यांचा २,३४,३२५ मतांनी पराभव केला. २०१९ साली शिवसेनेने गायकवाड यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही, ओमराजे निंबाळकर यांना दिली. जागा दुसऱ्यांदा मोकळी झाली, आणि अंतर १,२७,५६६ वर आले. २०२४ साली ओमराजे विद्यमान सभासद म्हणून लढले आणि ३,२९,८४६ मतांनी जिंकले. चार निवडणुकांवरून नियम बांधू नये, आणि देशातले वारे कोणत्या वर्षी कसे होते तेही विसरू नये. तरीही एवढे दिसते, की विद्यमान सभासद उभा असला म्हणजे मतदाराला एकच प्रश्न पडतो: यांना ठेवावे की काढावे? त्या प्रश्नाचे उत्तर लोक एका लोंढ्यात देतात. जागा मोकळी असते तेव्हा प्रश्न बदलतो. कोणाला पाठवावे, आणि कशासाठी? हा दुसरा प्रश्न अवघड आहे आणि तो आपल्या वाट्याला फार क्वचित येतो.

आता या कशासाठीकडे वळू. आपल्या मतदारसंघाची ठेवण मोठी विचित्र आहे. धाराशिव जिल्ह्याची चार क्षेत्रे, लातूरचे एक, सोलापूरचे एक. बोरीचे पाणी भीमेला जाते आणि भीमेतून कृष्णेला. तेरणेचे पाणी मांजरेला मिळून गोदावरीला जाते. एकाच खासदाराच्या प्रदेशातले पाणी दोन खोऱ्यांत वाहते आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे आटते. कृष्णेच्या पाण्यातला मराठवाड्याचा वाटा या भागाला मिळावा, ही मागणी किती निवडणुकांच्या व्यासपीठांवरून आपण ऐकली, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांनीच सांगावे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग पाहा. त्याला मंजुरी दिल्याचे पंतप्रधानांनी सोलापुरात सांगितले ते ९ जानेवारी २०१९ रोजी. लोकसभेची निवडणूक त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये झाली. या तारखा शेजारी शेजारी ठेवण्यात आमचा कोणावर आरोप नाही. निवडणूक जवळ आली की फाईल हलते, हे शेतकऱ्याला पावसाच्या नक्षत्राइतके पाठ आहे. पण फाईल हलते ती कोणाच्या दाराशी कोण उभे राहिले म्हणून, हे पाहणे आपले काम आहे.

आणखी एक गोष्ट. अणदूरचा माणूस औषधाला, कॉलेजला, मोंढ्याला हैदराबाद रस्त्याने सोलापूरला जातो. सोलापूरचा खासदार वेगळा. ज्या परंड्याशी आपला खासदार एक, त्या परंड्यास आपणांपैकी किती जण गेले असतील? अशा ठिकाणी मतदारांनी एकत्र बसून उमेदवाराविषयी विचार करावा, हे बोलणे सोपे आहे. बसावयाचे कोठे, इथपासून अडचण आहे.

ही अडचण अमेरिकेतल्या व्हरमाँट नावाच्या राज्यात कमी आहे. ते खेड्यापाड्यांचे, दुभत्या जनावरांचे, डोंगराळ राज्य. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती ६,४३,०७७ भरली, म्हणून त्यांच्या लोकसभेत, म्हणजे प्रतिनिधिगृहात, त्याला एकच जागा. सबंध राज्याचा एकच मतदारसंघ! त्या राज्यातल्या लहानथोर सगळ्या माणसांपेक्षा जास्त मते २०२४ साली आपल्या एका खासदाराला पडली: ७,४८,७५२. २०२२ साली तिथली ती एकुलती जागा मोकळी झाली, कारण तिथले सभासद पीटर वेल्च सिनेटसाठी उभे राहिले. मग त्या जागेवर डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण, हे कोणा श्रेष्ठींनी ठरविले नाही. ऑगस्टमध्ये त्यासाठी स्वतंत्र मतदान झाले. कोणत्याही मतदाराने जावे आणि ज्या पक्षाची इच्छा असेल त्या एका पक्षाच्या निवडीत मत द्यावे, अशी तिथली रीत आहे. राज्याच्या सिनेटचे कामकाज पाहणाऱ्या बेका बॅलिंट आणि लेफ्टनंट गव्हर्नर मॉली ग्रे या दोघी मुख्य प्रतिस्पर्धी होत्या. बॅलिंट निवडल्या गेल्या, आणि नोव्हेंबरात जिंकून व्हरमाँटने वॉशिंग्टनला पाठविलेल्या पहिल्या स्त्री प्रतिनिधी ठरल्या. तिथे सगळे गोड आहे असे कोणी समजू नये. त्या ऑगस्टच्या मतदानात बाहेरच्या राज्यांतून बक्कळ पैसा ओतला गेला आणि त्यावर तिथल्या लोकांनी कुरकूरही पुष्कळ केली. पण पैसा ज्यांच्यावर ओतावा लागला ते मतदार होते, एवढा फरक आहे.

आपल्याकडे तो ऑगस्ट नाही. आपल्याकडे आहे एबी फॉर्म. जागा मोकळी झाल्याचे आपल्याला कळते तेव्हा ती बहुधा भरलेली असते, मुंबईत किंवा दिल्लीत. मग ती भरते कोणाकडून? २००९ साली डॉ. पद्मसिंह पाटील, २०१९ साली त्यांचे चिरंजीव राणाजगजितसिंह, २०२४ साली सूनबाई अर्चना पाटील. आणि समोर ओमराजे, तेही त्याच भावकीतले. घराण्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. कर्तबगार बापाचा मुलगा कर्तबगार असू नये असा काही कायदा नाही, आणि मते तर लोकांनीच दिली आहेत. परंतु वीस लाखांच्या आसपास मतदार असलेल्या प्रदेशात मोकळ्या जागेसाठी नावे काढू लागले की हात एकाच वाड्याच्या दोन दालनांत जातो, याचा विचार पक्षांनी नाही तर मतदारांनी तरी करावा.

हे आम्ही अणदुरात बोलत आहोत, याला कारण आहे. राजकारण या गावाला परके नाही. आलुरे गुरुजी १९८० साली इथून तुळजापूरचे आमदार झाले. मधुकरराव चव्हाण १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग आमदार राहिले. आणि करार करणे तर या गावाला कोणी शिकवू नये. आपला खंडोबा सव्वादहा महिने इथे असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव नेताना आणि आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. प्रत्यक्ष देवाच्या बाबतीतही तोंडी भरवशावर आपले वाडवडील थांबले नाहीत. पाच वर्षांसाठी दिल्लीला पाठवावयाच्या माणसाकडून मात्र आपण कागदाचा एक चिटोरा मागत नाही, आणि तो परत केव्हा येणार हेही विचारत नाही!

असा कागद कायद्याने बांधील होणार नाही, हे वकील मंडळी लगेच सांगतील. खरे आहे. पण जागा मोकळी असते त्या वर्षी, उमेदवारीच्या आधी, तुळजापूर तालुक्यातल्या पाचपन्नास ग्रामपंचायतींनी प्रत्येक पक्षाकडे एकच चार ओळींचे पत्र धाडले: कृष्णेच्या पाण्याचे काय, रेल्वेचे काय, तुमचा माणूस वर्षातून किती दिवस इथे बसेल, तर सहा हजार मतांनी जागा जाते हे ठाऊक असलेला पक्ष ते पत्र टोपलीत टाकावयास कचरेल.

पुढची मोकळी जागा केव्हा येईल? एक वाट कायद्यानेच करून ठेवली आहे. २०२३ साली संमत झालेल्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचे ठरविले आणि त्याची अंमलबजावणी जनगणना व तिच्यानंतरच्या पुनर्रचनेशी जोडली. पुढील प्रत्येक पुनर्रचनेनंतर या जागा फिरत राहावयाच्या आहेत. तेव्हा ज्या मतदारसंघावर ती पाळी येईल, तिथे बसलेला पुरुष सभासद कितीही बळकट असो, जागा मोकळी होईल. त्या दिवशी पक्ष नाव शोधू लागतील ते जुन्या सवयीने वाड्यातच. आपल्या बचत गटांत, शाळांत, ग्रामपंचायतींत सरपंचकी केलेल्या ज्या बायका आहेत, त्यांतल्या दोनचार नावांची चर्चा आजपासून पारावर सुरू करावयास कोणाची परवानगी लागत नाही.