अर्धांगवायूची पूर्वसूचना
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ह्या मंगल प्रसंगी आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी समितीने मला आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे. तथापि आजाऱ्यांच्या भेटीस घरोघर जाणाऱ्या धर्मगुरूच्या कानी एक वाक्य वारंवार पडते, आणि त्याविषयी बोलणे मी आपले कर्तव्य समजतो. अंथरुणाशी बसलेली घरची माणसे सांगतात : ‘‘फादर, आठ दिवसांपूर्वी ह्यांचा हात असाच जड झाला होता, पण दहा मिनिटांत बरे वाटले, म्हणून आम्ही कोणास काही बोललो नाही.’’

त्या दहा मिनिटांचा अर्थ जगास उलगडून दाखविण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, अशा एका मज्जातंतुवैद्याची हकिकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. त्यांचे नाव डॉक्टर चार्ल्स मिलर फिशर. त्यांचा जन्म 1913 साली कॅनडा देशातील वॉटर्लू गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते आरमारात डॉक्टर होते. 1941 साली त्यांचे जहाज शत्रूने बुडविले व जर्मनांच्या कैदेत त्यांना सुमारे साडेतीन वर्षे काढावी लागली. सुटका झाल्यावर त्यांनी मेंदूच्या विकारांचा अभ्यास आरंभिला, आणि बोस्टन शहरी डॉक्टर रेमंड अ‍ॅडम्स ह्यांच्या हाताखाली मृतांचे मेंदू तपासण्याची विद्या त्यांनी संपादन केली.

त्या काळी अर्धांगवायू म्हणजे मेंदूतीलच एखादी रक्तवाहिनी बंद पडणे किंवा फुटणे, अशी सर्वसाधारण समजूत होती. क्षणभर येऊन जाणाऱ्या लक्षणांस वाहिनीचा पेटका म्हणून सोडून देत. शवपरीक्षेत मेंदू पाहिला जाई. पण त्यास रक्त पुरविणाऱ्या मानेतील धमन्या बहुधा कोणी उघडून पाहत नसे. अमेरिकेतील डॉक्टर रॅम्से हंट ह्यांनी 1914 सालीच मानेकडे लक्ष वेधले होते, परंतु ती गोष्ट मागे पडली होती.

माँट्रियाल येथे फिशर ह्यांच्यापुढे एक रोगी आला. त्याची डावी बाजू लुळी पडली होती. त्याने सांगितले की, हे होण्यापूर्वी आपल्या उजव्या डोळ्यापुढे अनेकदा थोडा वेळ अंधार येत असे. लुळी बाजू डावी, आणि अंधारलेला डोळा मात्र उजवा! रोग्याची आठवण चुकली असे म्हणून दुसरा कोणी पुढे गेला असता. फिशर तेथेच थांबले. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर सत्ता चालवितो. आणि त्या उजव्या भागास व उजव्या डोळ्यास रक्त नेणारी मानेतील मुख्य धमनी एकच आहे. मग दोन्ही व्याधींचे मूळ मानेतच नसेल काय? त्यांनी शवपरीक्षेत मानेतील धमन्या तपासल्या, तेव्हा त्या मेदाच्या थरांनी व गोठलेल्या रक्ताने बुजलेल्या आढळल्या. 1951 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि एके दिवशी शल्यवैद्य ह्या अडथळ्यास वळसा घालून रक्त नेण्याचा मार्ग काढतील, असेही भाकीत केले.

दुसरी गोष्ट हृदयाची. पुष्कळ रोग्यांत मेंदूची वाहिनी बुजविणारी गुठळी तेथे उत्पन्न झालेलीच नसते. ती हृदयातून वाहत आलेली असते, हे अ‍ॅडम्स व फिशर ह्यांनी दाखवून दिले. हृदयाचे वरचे कप्पे नियमाने आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, म्हणजे त्यांत रक्त साचून गोठते. अशा मनुष्यास अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट असतो; पण रक्त गोठू न देणारे औषध योग्य देखरेखीखाली घेतल्यास तो पुष्कळच घटतो. तिसरी गोष्ट रक्तदाबाची. पुढे बोस्टन येथे फिशर ह्यांनी मेंदूच्या चकत्या काढून बारीक बारीक खळगे मोजले, आणि वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब कोणास न कळता मेंदू कसा पोखरतो हे सिद्ध केले. त्यांना दीर्घायुष्य लाभले. 2012 साली वयाच्या 98व्या वर्षी ते निवर्तले.

त्यांच्या भाकिताचे काय झाले? वारंवार असे झटके येणाऱ्या एका स्त्रीच्या मानेतील धमनीचा बुजलेला भाग 1954 साली लंडन येथे काढून टाकण्यात आला. अ‍ॅस्पिरीनने झटका आलेल्यांचा पुढील धोका कमी होतो, हे 1978 साली कॅनडातील वैद्यांनी दाखविले. डॉक्टर हेन्री बार्नेट ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या व 1991 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, धमनी फार अरुंद झालेल्या व झटका येऊन गेलेल्या रोग्यांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत 100 पैकी 26 जणांस त्याच बाजूचा आघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत 9 जणांस. आणि 2007 साली ऑक्सफर्डच्या डॉक्टर पीटर रॉथवेल ह्यांनी दाखविले की, क्षणिक झटक्यानंतर तातडीने उपचार सुरू केल्यास 90 दिवसांत पुन्हा आघात होण्याचे प्रमाण शेकडा 10 वरून शेकडा 2 वर येते. औषधे तीच जुनी. फरक केवळ न दवडलेल्या दिवसांचा!

बंधुभगिनींनो, सकाळी मिस्साची पहिली घंटा वाजते आणि थांबते. घंटा थांबली म्हणजे आज देवळात जाण्याचे कारण उरले नाही, असे आपणांपैकी कोणी समजतो काय? उलट आपण लगबगीने निघतो. ते दहा मिनिटांचे बधिरपण अशीच पहिली घंटा होय. ती थांबली ह्यात समाधान मानू नये.

म्हणून माझी विनंती आहे. तोंड एका बाजूस वाकडे झाले, हात वर धरता येईना, बोलणे अडखळले किंवा एका डोळ्यापुढे एकाएकी अंधार आला, तर ते बरे होण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि बरे झाले तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. रक्त वाहते आहे की गोठले आहे हे यंत्राने डोके तपासल्यावाचून कळत नाही. सबब शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घरीच अ‍ॅस्पिरीनची गोळी देऊ नये. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्यावा, नाडी अनियमित लागते काय हे डॉक्टरांस विचारावे, तंबाखू सोडावी, आणि बरे वाटते म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

सर्वांत मोठी विनंती घरच्या माणसांस आहे. वृद्ध मनुष्य पोरांस त्रास नको म्हणून आपले दुखणे लपवितो. त्याने ते सांगावे असा आपला स्वभाव असू द्या, आणि त्याने सांगितलेले चमत्कारिक वाटले तरी हसण्यावारी नेऊ नका. एका रोग्याचे असेच न पटणारे बोलणे एका वैद्याने खरे मानले, म्हणूनच आज असंख्य माणसे आपल्या पायांनी चालत आहेत. आपल्या धर्मग्रामातील आजी-आजोबाही पुढील ज्युबिलीस तसेच चालत येवोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.